समाजाचा नकाशा
तंजावरच्या एका गावावरून समाजशास्त्राची ओळख

भिंतीवरील दोन लेख

महाराष्ट्रातून तंजावरला जाणारा प्रवासी बृहदीश्वराच्या देवळात गेला, की शिखराकडे पाहून झाल्यावर त्याची पावले बहुधा आवारातील एका भिंतीकडे वळतात. त्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला एक मराठी लेख आहे. दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकिर्दीत तो कोरला गेला आणि त्यात भोसले घराण्याचा इतिहास सांगितलेला आहे. घरापासून इतक्या दूर, चोळ राजांनी बांधलेल्या देवळाच्या दगडावर आपली भाषा पाहून मराठी माणसाला आनंद व्हावा, हे स्वाभाविकच आहे.

परंतु त्याच देवळाच्या भिंतींवर याहून सुमारे आठशे वर्षे जुने तमिळ लेखही आहेत. हे देऊळ राजराज चोळ याने बांधविले आणि ते १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. देवळाला जी गावे दान दिली, त्यांची नोंद या लेखांत आहे. गावातील कोणत्या जमिनीवर कर बसावयाचा नाही, हे सांगताना तेथे एक यादी येते: गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे पाट, स्मशान. याच यादीत आणखी एक नाव आढळते. ते म्हणजे 'परैच्चेरी', परैयर जातीच्या लोकांची वेगळी वस्ती.

इतिहासाचा वाचक या लेखांत राजे, दाने व तारखा शोधतो. ते काम महत्त्वाचे आहेच. पण दुसरा एखादा वाचक त्या यादीपाशी थांबेल आणि वेगळे प्रश्न विचारील. ही वस्ती वेगळी का होती? ती वेगळी असावी असे कोणी ठरविले? चोळ गेले, नायक आले, त्यांच्यामागून मराठे व इंग्रज आले. एवढी राज्ये बदलली तरी गावाचा हा नकाशा टिकून कसा राहिला? असे प्रश्न ज्याला पडू लागले, तो समाजशास्त्राच्या उंबरठ्यावर उभा राहिला असे समजावे.

परिचित गोष्टींचा अपरिचित अर्थ

समाजशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी शिलालेखच वाचले पाहिजेत असे मात्र नाही. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्दही पुरतो.

हाच प्रवासी देवळाबाहेर एखाद्या तमिळ गृहस्थाला नाव विचारतो. नाव कळल्यावर त्याच्या तोंडून सहज पुढचा प्रश्न निघतो, "आणि आडनाव?" त्या गृहस्थाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्याच्या नावापुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते, आडनाव नसते. पूर्वी तमिळ प्रदेशात पुष्कळांच्या नावामागे जातिवाचक पदवी लागत असे. अय्यर, पिळ्ळै, मुदलियार ही त्यांतील काही होत. पेरियार ई. वे. रामस्वामी यांनी १९२५ साली स्वाभिमान चळवळ सुरू केली. या चळवळीची पहिली प्रांतिक परिषद १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरली, तेव्हा नावामागील जातिवाचक पदव्या टाकून द्याव्यात असा ठराव तेथे झाला. ही प्रथा पुढे इतकी रुजली, की आज तेथील मुलाला आपल्या नावात काही गाळले आहे याची जाणीवही नसते.

आता प्रवाशाच्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात आडनाव विचारणे हा शिष्टाचार मानला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतो असेही नाही. तरीही आडनाव कळताच समोरच्या माणसाचे गाव, घराण्याचा जुना व्यवसाय आणि जात यांविषयी आपण मनात एक अंदाज बांधतो आणि पुढील बोलण्याचा सूर त्यावर ठरवितो. हे इतक्या वेगाने घडते, की आपण असे काही केले हे आपल्याला कळतही नाही. तंजावरला उत्तर मिळत नाही म्हणूनच प्रश्नाचा खरा उपयोग उघड होतो. आपल्या रीतीचे स्वरूप परक्या ठिकाणी गेल्यावर दिसते, ते असे.

दुसरे उदाहरण घरातले आहे. मराठी घरात सून पूर्वापार सासूला 'आत्याबाई' व सासऱ्याला 'मामंजी' म्हणत आली. आत्या ही वडिलांची बहीण आणि मामा हा आईचा भाऊ. मग लग्नापूर्वी ज्यांचे तोंडही पाहिले नाही, अशा माणसांना ही नावे का मिळावीत? तमिळ घरात याचा उलगडा होतो. तमिळमध्ये 'अत्तै' हा शब्द आत्येलाही लागतो आणि सासूलाही. 'मामा' हा शब्द आईच्या भावालाही लागतो आणि सासऱ्यालाही. कारण तेथील पुष्कळ जातींत आते-मामे भावंडांचे लग्न होणे हीच शिष्टसंमत रीत होती. मुलगी लग्न होऊन बहुधा आत्येच्याच घरी जाई. महाराष्ट्रातही अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, आणि जेथे ती उरलेली नाही तेथेही शब्द मात्र राहिले. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात नात्यांची नावे आणि विवाहाच्या रीती यांचा असा प्रांतवार अभ्यास केला. महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण या दोन पद्धतींच्या सीमेवरचा प्रदेश आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आडनाव विचारणाऱ्याने तो प्रश्न स्वतः शोधून काढलेला नाही, आणि 'मामंजी' हा शब्द कोणत्याही एका सुनेने निवडलेला नाही. व्यक्ती जन्माला येण्यापूर्वीच या गोष्टी अस्तित्वात असतात. त्या मोडल्या तर कोणी हसते, कोणी रागावते, कोणी वाळीत टाकते. फ्रेंच विचारवंत एमिल द्युर्केम यांनी अशा गोष्टींना सामाजिक तथ्ये मानले आणि दगडधोंड्यांइतक्याच गांभीर्याने त्यांचे निरीक्षण करावे असे प्रतिपादिले.

ग्रंथातला समाज आणि डोळ्यांपुढचा समाज

समाजाविषयीच्या शास्त्राला आज रूढ असलेले पाश्चात्त्य नाव ऑगस्त कोंत यांनी १८३८ च्या सुमारास दिले. भारतात मुंबई विद्यापीठात १९१९ साली या विषयाचा विभाग सुरू झाला. पॅट्रिक गेडीस हे त्याचे पहिले प्रमुख. १९२४ पासून मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी हा विभाग सांभाळला आणि भारतातील समाजशास्त्रज्ञांची एक मोठी पिढी घडविली. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. म्हैसूरचे म. ना. श्रीनिवास हेही त्यांचेच विद्यार्थी.

श्रीनिवास यांनी एका गोष्टीवर विशेष भर दिला. धर्मग्रंथांवरून भारतीय समाजाचे जे चित्र दिसते ते एक, आणि गावात जाऊन राहिल्यावर जे दिसते ते दुसरे. ग्रंथात चार वर्ण आहेत. गावात जाती आहेत, त्यांच्या पोटजाती आहेत आणि त्यांच्या उच्चनीचतेविषयी वादही आहेत. ग्रंथात जातीची जागा कायमची ठरलेली दिसते. गावात ती पिढ्यांच्या ओघात वरखाली सरकताना दिसते. म्हणून समाजाच्या अभ्यासकाने गावात जाऊन राहावे, लोकांच्या कामाच्या वेळा, जेवणाच्या पंगती, भांडणे व लग्ने पाहावीत, आणि जे पाहिले ते लिहून ठेवावे, अशी ही पद्धत आहे.

या पद्धतीने तंजावर जिल्ह्यातील गावांचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांत दोन नावे प्रमुख आहेत. पहिले कॅथलीन गॉफ या इंग्रज विदुषीचे. त्या १९५१ नंतर जिल्ह्यातील एका गावात राहिल्या आणि १९७६ साली पुन्हा तेथे गेल्या. दुसरे नाव आंद्रे बेतेई यांचे. चंद्रनगर येथे १९३४ साली जन्मलेले बेतेई हे दिल्ली विद्यापीठात श्रीनिवास यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत होते. १९६१ व १९६२ या वर्षांत त्यांनी तिरुवैयारू परिसरातील एका गावात राहून जो अभ्यास केला, त्यावरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. रहिवाशांना उपद्रव होऊ नये म्हणून दोघांनीही गावांना कल्पित नावे दिली. बेतेई यांच्या गावाचे नाव आहे श्रीपुरम्.

एक गाव, तीन वस्त्या

कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील या गावात साडेतीनशेच्या आसपास घरे होती आणि लोकसंख्या चौदाशेच्या आसपास होती. तिचा स्थूलमानाने चौथा हिस्सा ब्राह्मणांचा, निम्मा ब्राह्मणेतर जातींचा आणि उरलेला चौथा हिस्सा आदि-द्रविडांचा होता. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्या जातींना तमिळ प्रदेशात आदि-द्रविड ही संज्ञा मिळाली होती.

हे तीन समूह तीन ठिकाणी राहत. ब्राह्मणांचा अग्रहार, म्हणजे समोरासमोर घरांच्या ओळी असलेला सरळ रस्ता. घरांच्या पुढे ओटे, एका घराची भिंत दुसऱ्याला लागलेली. ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या वेगळ्या, आणि त्यांत वेळ्ळाळ, कळ्ळर, पडैयाच्ची अशा अनेक जाती. या दोहोंपासून दूर, शेतांच्या बाजूला, आदि-द्रविडांची चेरी. देवळाच्या भिंतीवरील यादीत जो शब्द कोरलेला आहे, तोच हा.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. गावकूस, गावकुसाबाहेरची वस्ती, वेगवेगळे पाणवठे हे शब्द त्याच्या भाषेतलेच आहेत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, हेही त्याला ठाऊक असते. तंजावरचा नकाशा अधिक रेखीव आहे, एवढाच फरक.

गावाचा असा नकाशा काढणे हे अभ्यासकाचे पहिले काम. कोण कोठे राहतो हे समजले, की कोण कोणाकडे जातो, कोठवर जातो आणि कोठे थांबतो हे विचारता येते. अग्रहारातील जमीनमालकाला चेरीतील मजुराशी बोलावयाचे असे; त्याच्या कष्टावाचून शेत पिकत नव्हते. पण हे बोलणे ओट्यावर बसून होत नसे. ते घराच्या मागील बाजूस किंवा शेताच्या बांधावर होई. ज्या दोन माणसांचे पोट एकमेकांवर अवलंबून होते, त्यांनी एकमेकांच्या रस्त्यावर पाऊल टाकावयाचे नाही, असा हा नियम. तो कोठे लिहिलेला नव्हता आणि शिकवावाही लागत नव्हता. लहान मूल आईचे बोट धरून चालताना ती कोठे वळते आणि कोठे वळत नाही, हे पाहूनच तो शिकत असे.

तीन शिड्या

बेतेई यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय या नकाशामागील उच्चनीचता हा होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांच्या विवेचनाचा आधार घेऊन त्यांनी उच्चनीचतेचे तीन प्रकार वेगळे केले. ते तीन शिड्यांप्रमाणे समजून घेता येतात.

पहिली शिडी जातीची. तिच्यावरची पायरी जन्माने ठरते. दुसरी शिडी वर्गाची. शेतीप्रधान गावात ती जमिनीवरून ठरते: जमीन कोणाची, ती खंडाने कोण करतो आणि तिच्यावर मजुरी कोण करतो. तंजावरमध्ये जमीनमालकाला 'मिरासदार' म्हणत. हा शब्द मराठी मुलखातील जुन्या कागदपत्रांतही आहे. मालकाशी वर्षानुवर्षे बांधल्या गेलेल्या शेतमजुराला 'पण्णैयाळ' म्हणत. तिसरी शिडी सत्तेची. गावात शब्द कोणाचा चालतो, तंटा कोण सोडवितो, सरकारी अंमलदार आला तर तो कोणाच्या घरी उतरतो, यांवरून ती कळते.

जुन्या काळी या तीन शिड्या जणू एकमेकींना बांधलेल्या होत्या. जो जातीने वर, त्याचीच जमीन आणि त्याचाच शब्द. त्यामुळे त्या तीन आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नसे. १९६१ साली श्रीपुरममध्ये मात्र त्या सुटू लागल्या होत्या. अग्रहारातील अनेकांनी जमिनी विकल्या होत्या किंवा ते गाव सोडून गेले होते. त्यांची जातीची पायरी पूर्वीचीच होती, पण जमीन हळूहळू ब्राह्मणेतरांच्या हाती जात होती आणि ग्रामपंचायतीची सूत्रेही त्यांच्याकडे आली होती.

असे का झाले? त्याची कारणे गावात पाहून सापडत नाहीत, ती गावाबाहेर शोधावी लागतात. कुंभकोणम् येथे १८५४ साली सरकारी विद्यालय निघाले आणि पुढे त्याचे महाविद्यालय झाले. गणिती श्रीनिवास रामानुजन् १९०४ साली तेथेच विद्यार्थी होते. इंग्रजी शिक्षणाची संधी अग्रहारातील मुलांनी प्रथम घेतली, कारण विद्येची परंपरा, सवड आणि खंडाचे उत्पन्न ही तिन्ही त्यांच्यापाशी होती. शिक्षणामागून मद्रासच्या व इतर शहरांच्या नोकऱ्या आल्या, आणि शेती दुरून सांभाळणे जड होऊ लागले. दुसरीकडे ब्राह्मणेतर चळवळीने राजकारणाचे रूप पालटले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्या गावात ब्राह्मण चौथा हिस्सा आहेत आणि ब्राह्मणेतर निम्मे, तेथे मते मोजली जाऊ लागली म्हणजे सत्ता कोणीकडे सरकेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

येथे समाजशास्त्रीय विचाराचे एक मुख्य सूत्र दिसते. जमीन विकणारा गृहस्थ म्हणेल, की मुलाला नोकरी लागली म्हणून विकली. ते खरेच आहे. पण एकाच पिढीत, एकाच रस्त्यावरच्या अनेक घरांना तेच कारण सुचते, तेव्हा त्या कारणालाही कारण शोधावे लागते. व्यक्तीचा निर्णय आणि काळाचा प्रवाह यांची गाठ कोठे पडते, हे पाहणे हेच या शास्त्राचे काम होय.

मात्र आणखी एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. शिड्या सुट्या झाल्या, त्या वरच्यांसाठी आणि मधल्यांसाठी. एकाची जमीन गेली पण मान राहिला. दुसऱ्याला मान मिळाला नाही पण जमीन व सत्ता मिळाली. चेरीतील माणूस जातीच्या शिडीच्या तळाशी होता, भूमिहीन होता, आणि गावाच्या कारभारात त्याचा शब्द चालत नव्हता. मत त्यालाही मिळाले होते. परंतु ज्याच्या शेतावर उद्या सकाळी कामाला जावयाचे, त्याच्या इच्छेविरुद्ध ते वापरणे सोपे नव्हते.

पाहणारा कोठे उभा आहे?

भौतिकशास्त्रज्ञ लंबकाचे आंदोलन मोजतो, तेव्हा लंबक त्याला पाहून आपली चाल बदलीत नाही. समाजाच्या अभ्यासकाची स्थिती तशी नसते. तो गावात येतो त्या क्षणी गाव त्याला आपल्या नकाशात कोठेतरी बसविते.

बेतेई अग्रहारात एका ब्राह्मण घरात राहत होते. जन्माने ते ब्राह्मण नव्हते. त्यांचे वडील फ्रेंच व आई बंगाली. पण अग्रहारात राहावयाचे तर तेथील रीत पाळणे भाग होते, आणि ती पाळणाऱ्या माणसाला गावाने ब्राह्मणांतच जमा केले. त्यामुळे अग्रहाराची दारे त्यांना उघडी झाली, आणि त्याच कारणाने चेरीची वाट कठीण झाली. ब्राह्मण चेरीत आला तर वस्तीवर अरिष्ट येते, अशी त्या भागातील चेरीत समजूत होती. म्हणजे रेषा दोन्ही बाजूंनी राखली जात होती. बेतेई यांनी ही अडचण लपविली नाही. अग्रहाराविषयी आपल्याला अधिक कळले आणि चेरीविषयी कमी, हे त्यांनी वाचकाला सांगितले.

ही कबुली म्हणजे अभ्यासातील उणीव नव्हे, तो अभ्यासाचाच भाग आहे. नकाशा काढणाऱ्याने आपण कोणत्या टेकडीवरून पाहिले हे सांगितले, तरच कोणता भाग टेकडीआड राहिला हे वाचकाला समजते. कॅथलीन गॉफ यांनी याच जिल्ह्यात मुख्यतः जमीनमालक व मजूर यांच्या संबंधांवर लक्ष ठेवले. पाव शतकाने परत आल्यावर त्यांना पुष्कळ बदल दिसले. मजुरांचे दारिद्र्य मात्र हटलेले दिसले नाही. दोघांची दृष्टी भिन्न होती, आणि दोन्ही वाचल्यानेच जिल्ह्याचे चित्र भरते.

१९६८ चा डिसेंबर

टेकडीआडचा भाग किती मोठा असू शकतो, हे काही वर्षांतच दिसून आले.

तंजावर जिल्ह्यात १९५२ साली पण्णैयाळांच्या व कुळांच्या संरक्षणासाठी कायदा झाला होता. १९६० नंतर सधन शेतीच्या कार्यक्रमासाठी देशात जे पहिले जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावर होता. सुधारलेले बियाणे व खते आली. जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेतमजूर लाल निशाणाखाली संघटित होऊन वाढीव मजुरी मागू लागले; ती मजुरी भाताच्या मापांत मोजली जाई. मालकांनीही आपला संघ काढला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेणमणी या गावातील चेरीवर हल्ला झाला. जिवाच्या भीतीने एका झोपडीत शिरलेल्या माणसांसह ती झोपडी पेटविण्यात आली. ४४ माणसे जळून मेली. ती सारी दलित होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. हे गाव १९९१ पासून नागपट्टिणम जिल्ह्यात आहे.

अशा घटनेपुढे प्रथम मन सुन्न होते, आणि दोषी कोण हा प्रश्न येतो. तो न्यायालयाचा प्रश्न आहे व तो विचारलाच पाहिजे. समाजशास्त्राचा प्रश्न त्याच्या शेजारी उभा असतो. त्या रात्री जाळणारे व जळणारे वेगवेगळ्या वस्त्यांतलेच का होते? भाताच्या एखाद्या मापासाठी झालेला तंटा एका संपूर्ण वस्तीवरचा हल्ला कसा बनला? चेरी वेगळी होती, म्हणून ती ओळखता येत होती. ती दूर होती, म्हणून तिच्या मदतीला कोणी लवकर पोहोचत नव्हते. शतकानुशतके निरुपद्रवी रीत म्हणून चालत आलेल्या नकाशाने त्या रात्री हल्ल्याची दिशा दाखविली.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. कारणे सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. वैद्य रोगाचे कारण शोधतो, तेव्हा तो रोगाचा कैवार घेत नाही. एका क्रूर माणसाला शिक्षा झाली तरी ज्या व्यवस्थेत त्याच्या क्रौर्याला वाव मिळाला ती तशीच राहिली, तर दुसरा माणूस त्याची जागा घेईल. म्हणून व्यक्तीचा न्याय आणि व्यवस्थेचे ज्ञान ही दोन्ही हवीत.

मराठी वाचकासाठी एक प्रश्न

आता पुन्हा देवळातील मराठी लेखाकडे येऊ. व्यंकोजी भोसले यांनी १६७० नंतरच्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे घराणे नांदले. सरस्वती महाल ग्रंथालय, मोडी कागदपत्रे, कीर्तनाची परंपरा ही त्या राज्याची देणगी सर्वांना ठाऊक आहे. शहाजी राजे यांनी १६९३ साली तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, याचाही अभिमानाने उल्लेख होतो. अग्रहारांची पद्धत मराठ्यांनी निर्माण केली नाही. ती चोळांच्याही पूर्वीची. पण ती त्यांनी चालविली. विद्वानांच्या घरी जो भात शिजत असे, तो कोणीतरी चिखलात उभे राहून लावलेला होता. विद्येचा गौरव आणि त्या श्रमाची आठवण ही दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येतात, आणि ठेवली पाहिजेत.

तंजावरचे मराठी लोक हाही अभ्यासाचा सुंदर विषय आहे. राज्य गेल्यावर भाषेचा राजाश्रय गेला. बाजारात, शाळेत, कचेरीत तमिळ व इंग्रजी आली. तरी अनेक घरांत मराठी बोलली जात राहिली, जरी देवनागरी वाचता येणारे फार उरले नाहीत. कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच समाजातले. त्यांच्या नावातील 'राव' हीच मराठीपणाची खूण. भाषा कशाने टिकली, असे विचारले तर अभिमान हे उत्तर पहिल्याने सुचते. समाजशास्त्रज्ञ आणखी पुढे जाऊन विचारील: लग्ने कोणाशी होत होती? घरात आलेली सून कोणती भाषा बोलत होती? लग्ने आपापसांत होती तोवर स्वयंपाकघरात मराठी होती. म्हणजे ज्या बंधनाने भाषा राखली, त्याच प्रकारच्या बंधनाने जातीही राखल्या. एकाच रीतीचे असे दोन परिणाम दिसू लागले, की झटपट स्तुती वा निंदा करणे अवघड होते, आणि विचार सुरू होतो.

आपल्या गावाचा नकाशा

या शास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोठा कागद व पेन्सिल पुरे. विद्यार्थ्याने आपल्या गावाचा किंवा शहरातील आपल्या विभागाचा नकाशा काढावा. देऊळ, मशीद, शाळा, विहिरी, नळ, स्मशाने, दुकाने दाखवावीत. मग कोण कोठे राहतो ते लिहावे. आजी-आजोबांना विचारून त्यांच्या लहानपणी काय कोठे होते, कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरीत असे, हे दुसऱ्या रंगाने दाखवावे. काय बदलले, ते कशाने बदलले आणि काय मुळीच बदलले नाही, याची टिपणे करावीत. शाळेत दुपारी डबा खाताना कोण कोणाजवळ बसतो आणि नव्या मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हेही पाहावे. पाहताना कोणाला लाज वाटेल असे काही करू नये, आणि कोणाचे नाव टिपणात लिहू नये. तंजावरच्या अभ्यासकांनी गावांची नावेदेखील बदलली होती.

सर्वांत शेवटी नकाशात आपले घर कोठे आहे, तेथे खूण करावी. नंतर तो नकाशा दुसऱ्या वस्तीतील एखाद्या सोबत्याला दाखवावा आणि यात काय राहून गेले, असे त्याला विचारावे. तो जे सांगेल ते त्याच्याच हाताने भरून घ्यावे. नकाशा पुरा होत आला, असे त्यानंतरच समजावे.